हाताचा व्यायाम आणि हृदयाचे ठोके : अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनातील तीव्रतेचा प्रश्न

अर्धांगवायूनंतर हातावर होणाऱ्या उपचारांत ‘तीव्रता’ हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो. दिवसाकाठी किती मिनिटे व्यायाम झाला, हा एक अर्थ. त्या मिनिटांत हात प्रत्यक्षात किती वेळा उचलला, वळवला, त्याने काही धरले-सोडले, हा दुसरा. आणि त्या वेळी हृदयावर किती ताण आला, हा तिसरा. त्याचे सोपे माप म्हणजे हृदयाचे ठोके. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्याला तीव्रता म्हटले की हा तिसरा अर्थच आठवतो, फिजिओथेरपिस्टला बहुधा पहिला किंवा दुसरा. एकाच केसपेपरवर दोघांनी ‘मध्यम तीव्रता’ लिहिले तरी ते एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील याची खात्री नसते. या विषयावरचे संशोधन वाचताना होणारा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

हाताची हालचाल परत येण्याची मूळ प्रक्रिया मेंदूत घडते. रक्तपुरवठा तुटून किंवा रक्तस्राव होऊन मेंदूचा जो भाग निकामी झाला, त्याच्या शेजारचे आणि त्याच्याशी जोडलेले भाग हळूहळू त्या हालचालीचा भार उचलू लागतात. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन, जेमतेम जमेल अशा पातळीवर करावी लागते. यात हृदयाला फारसे काम नसते. टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आहेत आणि एकीतले राजमे दुबळ्या हाताच्या चिमटीने उचलून दुसरीत टाकायचे आहेत, असे धरले तर बोटे उघडायलाच चार-पाच सेकंद जातात. चिमूट बसते, दाणा निसटतो, घरंगळत टेबलाखाली जातो. वीस दाणे होईस्तोवर कपाळावर घाम आलेला असतो, पण नाडी मोजली तर ती ७८ वरून फार तर ८४ वर गेलेली असते. हृदयाच्या हिशेबाने हा माणूस जवळजवळ स्वस्थ बसला आहे, आणि तरीही दिवसभरातले सर्वांत अवघड काम तो आत्ताच करतो आहे.

ठोके वाढले नाहीत म्हणून हाताचा व्यायाम वाया गेला असे म्हणता येत नाही, आणि ठोके वाढले म्हणून हात काही शिकला असेही नाही. हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. बहुतेक रुग्णालयांत हाताचा अर्धामुर्धा मांडला जातो आणि हृदयाचा मांडलाच जात नाही.

मिनिटांचा हिशेब सर्वांत सोपा, म्हणून धोरणे त्यावर ठरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१३ मध्ये प्रत्येक थेरपीची किमान ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, अशी शिफारस केली होती. २०२३ मध्ये ती दिवसाला किमान तीन तासांवर गेली. पण या मिनिटांत रुग्णाला खुर्चीवर नीट बसवणे, पट्टे बांधणे, दुसऱ्याने हात ताणून देणे, चौकशी, पाणी पिणे हे सगळे येते.

प्रत्यक्ष हालचाली मोजल्यावर काय दिसते, ते कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. अमेरिका आणि कॅनडातल्या सात ठिकाणी त्यांनी फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची ३१२ सत्रे शेजारी बसून पाहिली. हाताने काही उपयोगाचे काम करण्याचा सराव त्यांतल्या हातावर उपचार झालेल्या सत्रांपैकी ५१ टक्के सत्रांतच झाला होता, आणि जिथे झाला तिथे एका सत्रात सरासरी ३२ वेळा. चालण्याचा सराव झालेल्या सत्रांत सरासरी ३५७ पावले पडत होती. मेंदूतले जोड बदलतात हे ज्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळले, त्या प्रयोगांत माकडे आणि उंदीर दिवसाला काही शे वेळा पंजाने खाद्य उचलत होते. बत्तीस हा आकडा त्यापुढे अगदीच केविलवाणा आहे. पुढच्याच वर्षी त्याच गटाने, तासाभराच्या सत्रात तीनशेहून अधिक आवर्तने रुग्णांना झेपतात, हेही दाखवून दिले.

यानंतर सगळ्यांचाच असा समज झाला की आवर्तने वाढवली की हात सुधारणार. २०१६ मध्ये लँग यांनीच ८५ जणांवर त्याची तपासणी केली. एकूण ३२००, ६४००, ९६०० किंवा ज्याला जितकी झेपतील तितकी आवर्तने असे चार गट केले. गटागटांतल्या सुधारणेत आवर्तनांच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे सगळे जुने रुग्ण होते, आघाताला सहा महिने उलटून गेलेले. उलट लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या कार्यक्रमात तीन आठवड्यांत ९० तास हातावर काम केले जाते, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२४ रुग्णांच्या नोंदींत जुन्या रुग्णांतही ठळक सुधारणा दिसली. ती सहा महिन्यांनी टिकूनही होती. मात्र त्या नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चांगला हात जाड मोज्यात बांधून दुबळ्याला कामाला लावण्याची पद्धत एडवर्ड टॉब यांच्या प्रयोगांतून आली आणि तिची सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे २००६ ची एक्साइट चाचणी. त्यात २२२ रुग्ण होते, दोन आठवडे दिवसाला सहा तासांपर्यंत सराव आणि जागेपणीच्या ९० टक्के वेळ हातात मोजा. फायदा झाला आणि वर्षभर टिकला. आवर्तनांची संख्या, काय करून घेतले आणि आघाताला किती दिवस झाले, या तिन्हींचा गुंता अजून पूर्ण सुटलेला नाही. या साऱ्या चाचण्यांत हृदयाचे ठोके मात्र कुठेही मुख्य माप नव्हते.

तरीही हृदयाचा हक्क सोडून चालत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाची दमश्वासाची क्षमता फार खालावलेली असते. पूर्ण ताकदीनिशी व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे त्याचे माप. वेगवेगळ्या अभ्यासांत या रुग्णांचे आकडे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ८ ते २२ मिलिलिटर असे आले आहेत. कोणाच्या मदतीवाचून घर चालवायला, म्हणजे जिना चढायला, पिशवी घेऊन यायला, आंघोळ उरकायला साधारण १५ ते १८ लागतात. बरेच रुग्ण या रेषेच्या खाली असतात, म्हणून हात थोडा सुधारला तरी शर्ट घालतानाच दमून बसतात. शिवाय एकदा आघात झालेल्याला दुसऱ्याचा धोका असतो, आणि रक्तदाब, साखर, वजन या तिन्हींवर दमश्वासाच्या व्यायामाचा परिणाम होतो. कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या आणि ३०१७ रुग्ण होते. अशा व्यायामाने चालणे आणि तोल सुधारतो, अपंगत्व कमी होते, असा त्याचा निष्कर्ष. हाताबद्दल इतके ठाम काही त्यातून हाती लागत नाही.

नेहमीच्या थेरपीतून हृदयाला किती व्यायाम होतो, याचे उत्तर कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये मॅरिलिन मॅके-लायन्स आणि लिडिया मॅक्रिडिस यांनी शोधले. रुग्णालयात पुनर्वसन घेणाऱ्या वीस जणांवर ठोके नोंदवणारे यंत्र लावून त्यांनी काही आठवडे नोंदी घेतल्या. हृदयाची क्षमता वाढण्याइतके ठोके फिजिओथेरपीच्या सत्रात सरासरी २.८ मिनिटे टिकले. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे जिथे मुख्यतः हातावरच काम होते तिथे, ०.७ मिनिटे. हा अभ्यास २००२ चा आहे, पण पुढे कितीतरी ठिकाणी त्याचाच आधार घेतला जातो, कारण चित्र फारसे बदललेले नाही. यात थेरपिस्टची चूक काढण्यात अर्थ नाही. ठोके वाढवणे हे त्या सत्राचे उद्दिष्टच नव्हते.

हाताच्या व्यायामाने ठोके कमी वाढतात, या समजात एक मेख आहे. निरोगी माणसाने हाताने फिरवायच्या सायकलवर पूर्ण जोर लावला तर त्याचा कमाल प्राणवायूवापर पायांच्या सायकलच्या साधारण ६० ते ७० टक्के भरतो, आणि कमाल ठोकेही दहा-पंधराने कमी राहतात. पण कमाल बाजूला ठेवून तेवढेच काम आधी पायांनी आणि मग हातांनी करून पाहिले, तर हातांच्या वेळी ठोके आणि रक्तदाब दोन्ही जास्त चढतात. स्नायू लहान असल्याने तेवढ्याच कामासाठी त्यांना आपल्या ताकदीचा मोठा हिस्सा लावावा लागतो. हातांतल्या रक्तवाहिन्यांचे जाळे छोटे, त्यामुळे रक्त ढकलायला हृदयाला अधिक दाब द्यावा लागतो. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलून हृदयाला मदत करतात, ती बसून हात फिरवताना मिळत नाही. शिवाय खांदा, पाठ, पोट घट्ट धरून ठेवावे लागतात, आणि धरून ठेवण्याच्या कामात स्नायू आकसलेलाच राहिल्याने दाब चढतो. छताला चुना लावणाऱ्याचा किंवा माळ्यावरून डबे काढणाऱ्याचा दम लवकर का जातो, त्याचे कारण हेच.

अर्धांगवायूत यात आणखी भर पडते. हात उचलताना रुग्ण नकळत श्वास रोखतो. श्वास कोंडून जोर लावला की दाब झपकन वर जातो आणि सोडला की खाली येतो. खांदा दुखत असेल तर दुखण्यानेच ठोके वाढतात. पडण्याची भीती, चारचौघांत जमत नसल्याची लाज, यांनीही वाढतात. दंडाला जोर नसला की रुग्ण खांदा कानापर्यंत नेतो, धड मागे झुकवतो आणि सगळ्या अंगाने हात वर फेकतो. अशा वेळी ठोके छान चढलेले दिसतात, पण ते पाठीने केलेल्या कामाचे असतात आणि हाताला चुकीची सवय लागत असते. नुसता आकडा बघणाऱ्याला हा फरक कळत नाही.

उलटही घडते. फार दुबळ्या हाताचा व्यायाम हृदयापर्यंत पोहोचतच नाही. मनगट दहा अंश वर करण्यात मनगटाचे आणि बोटांचे स्नायू पाच मिनिटांत थकतात, हात थरथरू लागतो, बोटे आपोआप आवळली जातात आणि थांबावे लागते. हृदयाला तोवर कामाची चाहूलही लागलेली नसते. अशा रुग्णाला ठोक्यांचे लक्ष्य देणे म्हणजे जे होणार नाही ते मागणे.

लक्ष्य ठरवण्याची रूढ रीत फिनलंडची आहे. मार्टी कारव्होनेन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मोजक्या तरुण पुरुषांना ट्रेडमिलवर पळवून, व्यायामाचा ताण केवळ ठोक्यांवरून न ठरवता विश्रांतीचे ठोके आणि कमाल ठोके यांमधल्या अंतरावरून ठरवावा, असे मांडले. या अंतराला राखीव ठोके म्हणता येईल. अमेरिकेच्या हृदय आणि स्ट्रोक संघटनांनी २०१४ मध्ये अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी या राखीवाच्या ४० ते ७० टक्के, दिवसाला २० ते ६० मिनिटे, आठवड्यातून ३ ते ५ दिवस अशी शिफारस केली. हाताची सायकलही त्यांच्या यादीत आहे. आघातानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत मात्र विश्रांतीच्या ठोक्यांवर फार तर १० ते २० वाढ, एवढीच मर्यादा. कमाल ठोके प्रत्यक्ष चाचणीने मोजणे उत्तम. ते सहसा होत नाही, म्हणून २२० वजा वय हे सूत्र वापरतात. ते १९७१ पासून प्रचारात आले आणि कोणत्याही काटेकोर गणितातून निघालेले नाही. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते.

साठीच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. विश्रांतीचे ठोके ७६, सूत्राने कमाल १६०, मधले अंतर ८४. त्याचे ४० टक्के ३४ आणि ७० टक्के ५९. ते ७६ मध्ये मिळवले की लक्ष्य ११० ते १३५ असे येते. पण व्यायाम हातांचा असेल तर कमाल १६० नसून १४८ च्या आसपास धरायला हवी. आता तेच गणित १०५ ते १२६ देते. हाच रुग्ण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असेल, तर त्याचे विश्रांतीचे ठोके ६० असतील आणि कमालही खाली आलेली असेल. अशी गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी १६४ वजा वयाचा ०.७ पट असे वेगळे सूत्र आहे. त्याने कमाल १२२ येते आणि लक्ष्य ८५ ते १०३. म्हणजे पहिल्या गणिताची खालची, ‘हलक्याकडची’ रेषा ११० होती, आणि गोळी घेणाऱ्या याच माणसाला ११० पर्यंत नेले तर तो राखीवाच्या ८० टक्क्यांवर, जोरदार व्यायामाच्या पट्ट्यात पोहोचलेला असेल. अर्धांगवायूच्या रुग्णांत या गोळ्या घेणारे पुष्कळ. भिंतीवर टांगलेला वय आणि ठोक्यांचा छापील तक्ता अशांच्या बाबतीत उपयोगाचा नाही, घातकही ठरू शकतो.

ज्यांच्या हृदयाची लयच बिघडलेली आहे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे, त्यांच्यात ठोक्यांवर विसंबणे आणखी कठीण. हा विकार अर्धांगवायूच्या मोठ्या कारणांपैकी एक, त्यामुळे पुनर्वसनाच्या खोलीत असे रुग्ण वरचेवर भेटतात. त्यांचे काही ठोके इतके क्षीण असतात की मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. नाडी ८८ लागते आणि छातीवर ऐकले तर १०४. शिवाय मेंदूचाच काही भाग हृदयाला लगाम घालत असतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कॅनडातल्या ओपनहायमर यांच्या गटाने मेंदूच्या इन्सुला या भागाला विजेने हलकेच चाळवले, तेव्हा उजव्या बाजूला ठोके वाढण्याकडे आणि डाव्या बाजूला मंदावण्याकडे कल दिसला. हा अहवाल १९९२ चा. इन्सुलाला इजा झालेल्या रुग्णाचे हृदय व्यायामाला नेहमीसारखा प्रतिसाद देईलच असे नाही.

मोजणी कशाने करायची, हाही प्रश्न हाताच्या व्यायामात जरा अवघड आहे. छातीला पट्टा बांधून बिनतारी नोंद घेणारे यंत्र पोलार या फिनलंडच्याच कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणले, आणि आजही त्याच पद्धतीचा पट्टा सर्वांत भरवशाचा. मनगटी घड्याळे त्वचेवर प्रकाश टाकून खालच्या रक्ताची चढउतार वाचतात. मूठ आवळली, मनगट वळले की त्या प्रकाशाखालचे स्नायू सरकतात आणि घड्याळ काहीही दाखवू लागते. कधीकधी तर हात हलण्याची लयच ते ठोके म्हणून मोजते. लुळा हात गार असतो, सुजलेला असतो, म्हणून त्या मनगटावर किंवा बोटावर लावलेले यंत्र आणखी चुकते. घड्याळ चांगल्या हातात आणि व्यायाम दुबळ्या हाताचा, एवढे पाळले तरी निम्मी अडचण सुटते. रक्तदाबाचा पट्टाही सहसा चांगल्याच दंडाला बांधतात.

यंत्र नसेल किंवा ठोक्यांवर भरवसा नसेल तेव्हा स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांचे माप वापरतात. श्रम किती वाटतात, हे रुग्णाने ६ ते २० मधल्या आकड्याने सांगायचे. निरोगी तरुणाच्या बाबतीत त्याला दहाने गुणले की साधारण ठोके येतात, म्हणूनच ते सहापासून सुरू होते. अर्धांगवायूसाठी ११ ते १४, म्हणजे ‘हलके’ आणि ‘थोडे जड’ यांच्या आसपास राहावे असे सुचवले जाते. हाताच्या व्यायामात इथेही एक खाचखळगा आहे. ‘किती जड वाटते?’ विचारले तर रुग्ण दंडाबद्दल बोलतो, छातीबद्दल नाही. दंड १७ वर असतो, श्वास ९ वर. म्हणून दोन्ही वेगवेगळे विचारावे लागतात: हात किती दमला, आणि दम किती लागला. ज्यांची वाचा गेली आहे किंवा शब्दांचा अर्थ लागत नाही, त्यांच्याकडून आकडा मिळत नाही. चेहऱ्यांची चित्रे दाखवावी लागतात किंवा श्वास बघावा लागतो. बोलता येते पण गाता येत नाही, एवढा दम म्हणजे मध्यम श्रम, ही चाचणी सर्वांत जुनी आणि वाचा शाबूत असेल तर पुरेशी आहे.

वेगवेगळ्या पद्धतींत हृदयाचा वाटा फार वेगवेगळा असतो. आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब बघत केलेला व्यायाम, दुसऱ्याने हात हलवून देणे, विजेच्या झटक्याने मनगट उचलणे, या सगळ्यांत ठोके जवळजवळ जागचे हलत नाहीत. यंत्रमानवाच्या कड्यात हात अडकवून केलेल्या सरावात तासाला शेकडो हालचाली होतात, पण भार यंत्राने उचलला तर हृदयाला काहीच कळत नाही. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, अशा यंत्राने हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणाही झाली नाही. महागडी यंत्रे घेऊन बसलेल्यांना हा निकाल पचायला जड गेला.

हाताने फिरवायची सायकल दुसऱ्या टोकाला आहे. तिने ठोके नक्की वाढतात, पण कोणाच्या जोरावर, हे बघावे लागते. दुबळी मूठ पट्ट्याने दांड्याला बांधलेली असते, चांगला हात चाक ओढतो आणि दुबळा नुसता फिरत राहतो. हृदयासाठी हा व्यायाम खरा असतो, हातासाठी तो बराचसा सहलीसारखा. दोन्ही हेतू एकत्र साधतात असे एक उदाहरण सिडनीचे आहे. तिथल्या एका संशोधन संस्थेत निंटेंडोच्या वी या खेळाचा हातातला दांडा दुबळ्या हातात देऊन रुग्णांकडून टेनिस, गोल्फ, मुष्टियुद्ध असे खेळ करून घेतात. २०१६ मध्ये या गटाने दाखवले की तेवढाच वेळ दिलेल्या, चांगला हात बांधून ठेवण्याच्या पद्धतीने दमश्वासाची क्षमता वाढली नाही, या खेळाने वाढली. चेंडू परतवायचा म्हटले की सगळे अंग हलते, पाय सरकतात, आणि खेळाच्या नादात दोन आवर्तनांमधली विश्रांती विसरली जाते.

गेल्या दशकात प्रश्न उलट बाजूने विचारला जाऊ लागला: हाताच्या व्यायामाने हृदय सुधारते का, याऐवजी पायांनी हृदय तापवले तर हात लवकर शिकतो का? दमश्वासाच्या व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते आणि ते चेतापेशींना नवे जोड बांधायला मदत करते, हा त्यामागचा तर्क. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये हाताच्या सरावाआधी दमश्वासाचा व्यायाम देऊन बघितला गेला; रुग्णांना तो झेपला, पण गट इतका लहान होता की हातावरच्या फायद्याचा निवाडा झाला नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ४५ मिनिटे सायकल आणि मग ४५ मिनिटे हाताचा सराव असा क्रम ठेवला. सायकलला मोटर जोडलेली होती आणि ती पायांना स्वतःहून जमेल त्यापेक्षा वेगाने फिरवत होती. त्यांच्या लहान चाचण्यांत सायकलवाल्या गटाला हाताच्या सरावाला निम्माच वेळ मिळाला, तरी हाताची हालचाल मोजणाऱ्या ६६ गुणांच्या फुगल-मायर मापावर तो मागे पडला नाही. तर्क आकर्षक आहे आणि पुरावा अजून अपुरा. दमवून बसवलेला रुग्ण पुढच्या पाऊण तासात चिमटीवर लक्ष देऊ शकेल का, ही थेरपिस्टांची शंकाही रास्त आहे.

घाई किती करावी, याबद्दल मात्र पुरावा बोलका आहे. व्हेक्टर्स या अमेरिकी चाचणीत, २००९ मध्ये, ५२ रुग्णांवर आघातानंतर दहाएक दिवसांत चांगला हात बांधण्याची पद्धत सुरू केली गेली. ज्यांना दिवसाला तीन तास दिले, त्यांचा हात ९० दिवसांनी कमी सराव दिलेल्यांपेक्षा मागे होता. पुढे त्याच संशोधकांनी ७२ जणांना २० तास जादा सराव वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिला. २०२१ च्या या निष्कर्षांनुसार सर्वाधिक फायदा दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर झाला, पहिल्या महिन्यात काहीसा कमी, आणि सहा महिन्यांनंतर दिसलाच नाही. पाच देशांतल्या २१०४ रुग्णांच्या एव्हर्ट चाचणीनेही, ती हाताची नसून अंथरुणातून उठवण्याची होती, पहिल्या चोवीस तासांतली धडपड नडते असेच दाखवले: चांगला परिणाम ५० ऐवजी ४६ टक्क्यांत.

रक्तदाबाची मर्यादा ठोक्यांच्या मर्यादेपेक्षा महत्त्वाची आहे, विशेषतः रक्तस्राव झालेल्यांत. विश्रांतीतच वरचा दाब २०० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर जोराच्या व्यायामाला सहसा हात घालत नाहीत. अनेक वॉर्डांत १८० लाच थांबतात. हातात वजन धरून तसेच उभे ठेवण्याचे प्रकार टाळलेले बरे. श्वास रोखला जाऊ नये म्हणून आवर्तने मोठ्याने मोजायला लावणे ही जुनी युक्ती अजून चालते.

खांद्याचे दुखणे हा हृदयाइतकाच मोठा अडसर. लुळ्या हाताच्या वजनाने दंडाचे हाड खोबणीतून खाली उतरते आणि भोवतीचे स्नायू चिमटतात. भारतातल्या कितीतरी फिजिओथेरपी केंद्रांत फिंगर लॅडर आणि शोल्डर व्हीलच्या शेजारी छताला कप्पी टांगलेली असते. चांगल्या हाताने दोरी ओढून दुबळा हात वर न्यायचा. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात अशी डोक्यावरची कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा खांदा दुखायला लागला, तर थेरपिस्टने स्वतः हात हलवून दिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. तरी कप्पी जागेवर आहे, बहुधा ती स्वस्त आहे आणि रुग्ण तिच्यावर एकटा बसवून ठेवता येतो म्हणून. ठोके तिनेही वाढतात.

भारतात रुग्णालयातून लवकर घरी पाठवले जाते आणि पुढचा व्यायाम घरच्यांच्या हाती येतो. देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत, २०१७ मध्ये, घरच्या माणसाला शिकवून व्यायाम करून घेतला गेला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. घरचा व्यायाम निरुपयोगी, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. पत्नीला किंवा सुनेला दोन-तीन दिवसांत दिलेल्या शिकवणीतून मेंदू शिकेल एवढी आवर्तने आणि हृदयाची क्षमता वाढेल एवढा ताण पडत होता का, हे त्या टक्केवारीवरून समजत नाही.

घरी मोजायला फार काही लागत नाही. आवर्तनांसाठी वाटीतले दाणे मोजून ठेवले की झाले: चाळीस होते, पंचवीस पलीकडे गेले. नाडी चांगल्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजायची आणि चारने गुणायचे. लय अनियमित असेल तर घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट. व्यायामाआधी एकदा, थांबल्या थांबल्या एकदा, पाच मिनिटांनी पुन्हा. शेवटचा आकडा पहिल्याच्या जवळ आलेला नसेल, छातीत दाटले असेल, डोके गरगरले असेल किंवा बोलणे अचानक जड झाले असेल तर त्या दिवशीच्या वाट्या उचलून ठेवायच्या. आणि बोलणे जड झालेल्याला पाच मिनिटांची वाट न बघता गाडीत घालायचे.